चढावर दम टाकणारी जुनी मोटार: दोन दिवसांचा प्रवास आणि पेट्रोलच्या वाटेचा तपास

कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून इंजिनाला देणाऱ्या भागाची) जुनी मोटार घेऊन आम्ही दोघे दोन दिवसांत जाऊन येऊन सुमारे ४३० किलोमीटर फिरलो. गाडी तीन वेळा बंद पडली आणि तीनही वेळा घाटाच्या एकाच चढावर. सपाट रस्त्यावरच्या पहिल्या दीडशे किलोमीटरमध्ये तिने कसलीही तक्रार केली नव्हती, म्हणून चढ सुरू होईपर्यंत आम्ही निर्धास्त होतो.

चढाला लागून दहाएक मिनिटे झाली असतील, तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये गाडी गचके खाऊ लागली. ॲक्सिलरेटरवरून पाय थोडा उचलला की ती क्षणभर सावरे, पुन्हा दाबला की दम टाके, आणि असे करत करत शेवटी बंद पडली. ही लक्षणे नीट ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. ठिणगी पाडणाऱ्या विजेच्या यंत्रणेतला कॉइल किंवा कंडेन्सर दगा देतो तेव्हा इंजिन बहुधा बटण बंद केल्यासारखे एकदम थांबते. पेट्रोल कमी पडते तेव्हा ते हळूहळू क्षीण होत जाते, कारण कार्ब्युरेटरमधल्या छोट्या टाकीत, म्हणजे फ्लोटच्या वाटीत, उरलेला साठा काही सेकंद पुरतो. गचके चालू असताना चोक (हवा कमी करून मिश्रणातले पेट्रोल वाढवणारी कळ) किंचित ओढून पाहावा. त्याने इंजिन सुधारले, तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे असे जवळजवळ नक्की समजावे. आमचे सुधारले.

यानंतर मी जी चूक केली, ती पुष्कळजण करतात. दुपारचे ऊन होते आणि बॉनेट उघडताच गरम वाफ तोंडावर आली, तेव्हा नळीत पेट्रोलची वाफ धरली असणार असे ठरवून मी फ्युएल पंपावर (टाकीतले पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला देणाऱ्या पंपावर) ओले फडके ठेवले. पंधरा मिनिटांनी गाडी सुरू झाली आणि निदान बरोबर ठरल्याचा आनंद झाला. तो जेमतेम पाच किलोमीटर टिकला.

फडक्याने काहीच सिद्ध झाले नव्हते, कारण थांबल्यावर गाडी आपोआप सुरू होणे हे निदान तीन वेगळ्या दोषांचे लक्षण आहे. वाफ धरली असेल तर ती निवते; टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तर टाकीत निर्माण झालेली पोकळी हळूहळू भरून निघते; आणि टाकीतल्या जाळीवर गाळ बसला असेल तर ओढ थांबताच तो खाली गळून पडतो. म्हणून गाडी बंद पडली की वाट पाहत बसू नये. जे तपासायचे ते त्याच क्षणी तपासावे.

दुसऱ्यांदा बंद पडल्याबरोबर मी आधी टाकीचे झाकण सैल केले. हवा आत शिरल्याचा फुस्स असा आवाज आला असता तर काम तिथेच संपले असते. तो आला नाही. मग एअर क्लीनर काढून, इंजिन बंद असतानाच, कार्ब्युरेटरच्या तोंडातून बाजूने पाहत थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) हाताने उघडला. वाटीत पेट्रोल असेल तर कार्ब्युरेटरमधल्याच छोट्या ॲक्सिलरेटर पंपाची बारीक धार दिसते. ती दिसली नाही, म्हणजे वाटी कोरडी होती. (त्या पंपाचे डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, फाटले असेल तरीही धार येत नाही, त्यामुळे गाडी चांगली चालत असताना ही धार एकदा पाहून ठेवलेली बरी.) एवढे होईपर्यंत इंजिन निवले होते, आणि पुढची चाचणी पुढच्या वेळेवर गेली.

तिसऱ्या वेळी तयारी होती. कॉइलची बारीक वायर काढली, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्ब्युरेटरकडची नळी काढून तिला लांब रबरी नळी जोडली आणि तिचे टोक गरम सायलेन्सरपासून दूर एका बाटलीत सोडले. सोबत्याने सेल्फ मारला. फ्युएल पंप इंजिनाबरोबर फिरणाऱ्या कॅमशाफ्ट या दांड्यावर चालत असल्यामुळे प्रत्येक फेरीला जोरकस पिचकारी यायला हवी होती, पण आले ते बुडबुड्यांसह चार थेंब. लगेच पंपाकडे येणारी टाकीची नळी सोडवून तिचे तोंड बंद केले आणि पंपाला थेट जमिनीवर ठेवलेल्या डब्यातले पेट्रोल दिले. हवा निघून जाताच जोमदार पिचकाऱ्या सुरू झाल्या. पंप तोच आणि उष्णताही तीच होती; बदलली होती ती फक्त पेट्रोल येण्याची वाट. दोष पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला होता.

वाफेचा संशय मात्र अगदीच खोटा नव्हता. पेट्रोलमधले हलके घटक थोड्या उष्णतेतही उकळतात आणि दाब कमी झाला की आणखी लवकर उकळतात. वाट तुंबली असताना पंप जोराने ओढतो, नळीतला दाब उतरतो आणि वाफ तयार होते. म्हणजे ते बुडबुडे तुंबण्याचाच परिणाम असू शकतात. जुन्या रबरी नळीला बारीक भेगा असतील तरीही असेच बुडबुडे येतात, आणि ओढीच्या बाजूची अशी नळी बाहेर ठिबकेलच असे नाही. म्हणून आम्ही नळ्या वाकवून पाहिल्या. त्या ठीक होत्या.

मग टाकीचे झाकण उघडे ठेवून, फिल्टर बाजूला काढून, पायपंपाने नळीतून टाकीकडे हवा मारली. आधी जोर लागला, नंतर एकदम सुटले आणि टाकीत गुडगुड ऐकू आली. पुढचे १२० किलोमीटर, उरलेला घाट धरून, गाडी सुरेख चालली. दुसऱ्या दिवशी परतताना पुन्हा गचके सुरू झाले, तेव्हा बंद पडण्याआधीच थांबून तोच उपाय केला. घरी टाकी उतरवली तर जाळी गंजाच्या तपकिरी चिखलाने लिंपलेली होती.

जुनी गाडी घेऊन निघणाऱ्यांनी दोन मीटर पेट्रोलला टिकणारी रबरी नळी, चार क्लिपा, एक जादा फिल्टर, घट्ट झाकणाचा धातूचा डबा, पायपंप आणि अग्निशामक जवळ ठेवावा. नळी सोडण्यापूर्वी गाडी रस्त्याच्या कडेला पुरेशी आत घ्यावी, आसपास कोणी विडी-सिगारेट ओढत नाही ना हे पाहावे आणि सांडलेले पेट्रोल पूर्ण उडून गेल्याशिवाय कॉइलची वायर परत जोडू नये. निघण्यापूर्वी इंजिन ऑइलची दांडी काढून वासही घ्यावा: ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढली असेल, तर फ्युएल पंपाचे डायफ्राम फाटल्याचा दाट संशय घ्यावा आणि त्या स्थितीत गाडी चालवू नये. टाकी धुतल्यानंतरही पहिले काहीशे किलोमीटर गंजाचे कण येत राहतात. मी पंपाच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर बसवला आहे आणि प्रत्येक लांब चढाआधी थांबून तो पाहतो.