तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं मोफत आहे, मग अडतं कुठं?

साताऱ्यात एका कॉलेजच्या ऑफिसात मी स्कॉलरशिपचं टेबल सांभाळते, हे कळलं की लग्नात पंगतीला शेजारी बसलेलं माणूसही विचारतं, ‘फी माफ, शिष्यवृत्ती, वसतिगृह, आता सगळं सरकार देतंय. तरी ही पोरं पुढं का शिकत नाहीत?’ विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक तयार असतं, म्हणून मी मठ्ठ्याची वाटी पुढं करते. आज नीट सांगते.

सवलती आहेत, खोटं कशाला बोलू? भटक्या-विमुक्तांच्या मुलांना शिक्षण शुल्काची सवलत पूर्वीपासून होती. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा) मुलींनाही व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. पैसा महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून थेट खात्यात येतो, मधले हात गेले, हेही चांगलंच झालं. पण त्या पैशापर्यंत पोरानं पोचायचं कसं?

माण तालुक्यातल्या धनगराची एक मुलगी अकरावी-बारावीला आमच्याकडं होती. सांगलीला इंजिनिअरिंगला नंबर लागला. तिथं जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे आमच्या भाषेत ‘व्हॅलिडिटी’, लागते. ती बारावीतच काढायला टाकावी हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. धनगर भटक्या जमातींत येतात, आणि त्यांना जातीचा पुरावा हवा २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. आता बघा, वडील शाळेत गेले नाहीत, आजोबा तर नाहीतच. म्हणजे शाळेचा दाखला नाही. वर्षातले सात-आठ महिने ज्यांचं बिऱ्हाड घोड्यावर, त्यांनी साठ वर्षांपूर्वीचा कागद दाखवायचा!

शेवटी गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टरात, गाव नमुना १४ मध्ये, एक नोंद सापडली. मोडीत. मोडी वाचणारे एक पेन्शनर शोधले. त्यांनी भिंग लावून वाचलं: बापाचं नाव, जात धनगर, अपत्य मुलगा. मुलाचं नावच नाही, कारण तेव्हा बारसं व्हायच्या आधीच नोंद व्हायची. मग तो मुलगा म्हणजे हिचा आजोबाच, हे वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर सांगायचं. सतरा-अठरा वर्षांची पोर हे सगळं एकटी करत होती. एस्टीच्या फेऱ्या, स्टॅम्प, झेरॉक्स, बुडलेला दिवस यातलं काहीच माफ नसतं.

दिवाळीनंतर शिष्यवृत्तीचा फॉर्म, तो भरायलाही ती माझ्याकडंच आली. आधारला नंबर वडिलांचा, आणि वडील मेंढरं घेऊन कोकणात. ओटीपी त्यांच्या फोनवर. मेंढरांचा वाडा, म्हणजे मुक्काम, पडलेला तिथं रेंज नाही. दोन दिवस ती माझ्या टेबलासमोर फोन कानाला लावून बसली. रेंज आली तर त्यांना मेसेज उघडता येईना, उघडणारा पोरगा सापडेपर्यंत मुदत संपायची. तिसऱ्या दिवशी ते टेकाडावर चढले आणि पोराकडून विचारून ओरडत एकेक आकडा सांगायला लागले. मागून मेंढरांचा आवाज. ‘ताई, लिवा, चार... शून्य... हं, परत शून्य...’ सहावा आकडा पडला आणि फॉर्म पुढं सरकला. ऑफिसातले सगळे हसले, मीही हसले. पण त्या माणसाचे दोन दिवस लेकीच्या सहा आकड्यांत गेले होते.

माझे वडील रयत शिक्षण संस्थेच्या एका कॉलेजात ‘कमवा आणि शिका’त शिकले. सकाळी शेतात खुरपं, मग लेक्चर. रयतचे संस्थापक कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी मंगळसूत्र मोडलं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. मला मात्र वडिलांचं दुसरंच वाक्य आठवतं. ‘मी कुठला फॉर्म भरतोय? मास्तर हाताला धरून घेऊन आले.’ तेव्हा खायची भ्रांत होती, पण न्यायला माणूस यायचा.

आणि मी? काही वर्षांपूर्वी एक मुलगा आला. त्याचं नॉन क्रीमी लेयर, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, ३१ मार्चला संपलेलं. रांग मोठी होती. ‘हे चालत नाही, नवीन आण,’ एवढंच म्हणाले. कुठून आण, काय लागतं, किती दिवस आहेत, काही नाही. नियमानं मी चुकले नव्हते. तो परत आला नाही. यादीत त्याच्या नावापुढं ‘अपूर्ण’ असा शेरा मीच मारला. तो शिकला नाही असं त्याच्या गावात कुणी म्हणत असेल, तर त्यात मीही आहे. तेव्हापासून टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या ठेवते. कागदाचं नाव, कुठं मिळेल, शेवटची तारीख, असं लिहून हातात देते, आणि मोबाइल नंबर घेते. आठ दिवसांत पोरगं आलं नाही तर फोन करते. हे माझ्या कामात बसत नाही म्हणे.

माणची ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. परवा तिचा चुलतभाऊ आला, सोबत अजून दोघं. रक्ताच्या नात्यातल्या एकाची व्हॅलिडिटी झाली की बाकीच्यांचं काम बरंच हलकं होतं. तिघांच्याही प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर तिच्याच प्रमाणपत्राची झेरॉक्स होती, आणि खाली त्या मोडी पानाची.