पाण्याच्या बाजूला

आज लिहायचं नव्हतं खरं तर. पाय दुखतायत, धाकट्याचे बूट चिखलासकट बाथरूमच्या दारात तसेच पडलेत. पण ते मघाचं काही डोक्यातून जात नाहीये.

झालं एवढंच की चौघं कालव्याच्या कडेने फिरायला गेलो. हो, कालव्याच्याच. पोरांना कालव्यावर कधीच नेणार नाही म्हणाले होते ते मला आठवतंय, पण पोरांना किती वर्षं नाही म्हणणार.

ऊन उतरलं होतं, एका अंगाला शेतं, दुसऱ्या अंगाला पाणी, मधे तो भरावावरचा कच्चा रस्ता. छानच होतं सगळं, कुणालाही छानच वाटलं असतं. मी पाण्याच्या बाजूला, मोठी माझ्या आतल्या बाजूला, तिचा हात मी धरलेला, धरलेला कसला आवळलेला, आणि तोंडाने एकच चालू, आत सरक, कडेला नको, पळू नको, आत सरक.

धाकटा म्हणे पाणी वाहतच नाहीये. मग नवऱ्याने एक वाळकं पान टाकलं, दोन झाडांमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि मोबाईलवर वेळ लावली. सेकंदाला साधारण 70 सेंटिमीटर. वर परत, पाणी वरवर जरा जास्त पळतं, सरासरी काढायची तर 0.85 ने गुणायचं वगैरे. मला त्या गुणाकाराशी काय करायचंय. मला दिसत होतं ते एवढंच की तीन वर्षांचं पोर पानाच्या बरोबरीने राहायला दुडूदुडू पळतंय, दमून थांबलंय, आणि पान आपलं चाललंय पुढे. वरून बघाल तर हलत नाही असं वाटावं असं पाणी. आणि काठ काँक्रीटचे, तिरके, पाणी लागतं तिथे शेवाळाचा हिरवा पट्टा. आत गेलेल्या माणसाला धरायला काही म्हणजे काही नसतं तिथे. असो.

मी बहुतेक ओरडले. बहुतेक काय, ओरडलेच.

तेव्हा मोठीने हात सोडवून घेतला. मला वाटलं रुसली. तर ती माझ्या मागून वळसा घालून पाण्याच्या बाजूला आली, माझा दुसरा हात धरला आणि म्हणाली, "तू तिकडून चाल आई, तिकडून पाणी कमी दिसतं." आणि धाकट्याला हळूच, म्हणजे तिच्या मते हळूच, "आईसमोर पळायचं नाही, तिला भीती वाटते ना."

सात वर्षांची आहे ती.

मी तिला परत आत ओढली नाही. का नाही ओढली? तेच कळत नाहीये. शंभर वेळा आत सरक म्हणणारी मी, ती कडेला उभी असताना गप्प. तिचा हात चिकट झाला होता, दुसऱ्या हातात काडी, आणि ती माझ्या पावलात पाऊल टाकत चालली होती, हळूहळू, आपण म्हाताऱ्या माणसाला नेतो ना तसं. मला सांभाळून घेत होती. हे ती आज शिकली नाही, घरात पण करत असणार, मलाच दिसलं नसणार.

मग घरी येईपर्यंत स्वतःचीच कीव. बाटल्या मी उचलायच्या, स्वेटर मी आठवणीने घ्यायचे, पान टाकून मजा करायला हा आणि नको नको करायला मी. पोरांना उद्या आठवणार काय, तर बाबांचं पान आणि आईचं ओरडणं. आणि मला का वाटतं भीती, हे कुणी विचारत पण नाही. विचारलं तर मी सांगेन असंही नाही म्हणा.

रात्री मोठीने विचारलं, कालव्याच्या बाजूला रस्ता कशाला असतो. गेटवाल्यांना यायजायला, देखभालीला. पण ह्याला तेवढ्यावर थोडंच राहवतंय, इंग्लंडमध्ये जुन्या कालव्यांवर असे रस्ते घोड्यांसाठी होते, काठावरून चालत दोराने बोट ओढायचे. लंडनला 1820 साली रीजेंट्स कॅनॉल पूर्ण झाला, तिथे नंतर जवळून रेल्वे जायला लागल्यावर घोडे बुजून पाण्यात पडायचे, म्हणून काठाला मुद्दाम उतार करून ठेवले, चालत वर यायला.

"वर आल्यावर परत ओढायचं?"

"परत तेच."

मोठीने माझ्याकडे बघितलं. मला एकदम हसूच फुटलं, कारण बुजरं घोडं ते बुजरं घोडं, पण दोर काही सुटत नाही म्हणजे. हा विचारतोय काय झालं, काय झालं. काही नाही म्हटलं.

पुढच्या रविवारी परत जायचंय म्हणे. रांग ठरली पण, पुढे बाबा आणि धाकटा, मग आई, आणि पाण्याच्या बाजूला मोठी. मी म्हटलं, बाजू मी ठरवणार.

"बघू," म्हणाली. अगदी माझ्यासारखं, मान न वळवता.