दोन खेपांचं काम

२३ मे, रात्र

तीनदा साबण लावला, तरी नखांच्या कडेला मुरूम तसाच लाल बसला आहे. पाठ भिंतीला टेकवून लिहितोय, कारण नुसतं बसवत नाही.

नागपुरात मानेवाड्याच्या आमच्या घराचं मागचं आंगण दोन वर्षांपासून खचतंय. खाली सगळी काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि आम्ही शहाण्यांनी तिच्यावर थेट शहाबादी फरशी टाकलेली. या वर्षी दोन फरश्यांमधली भेग एवढी रुंद झाली की भांडी घासताना आईचा कलथा आत गेला. काठीने खूप कोरलं, निघाला नाही. फरशी काढून खाली मुरूम दाबायचा आणि वर पेव्हिंग ब्लॉक बसवायचे, असं ठरलं. तेव्हापासून ताटात पोळी पडली की पाठोपाठ प्रश्न पडतो, "मृगाच्या आधी होईल ना रे?"

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापाचे नऊ दिवस, परवा लागतो. म्हणजे शहाण्या माणसाने आंगण खोदायचे हे दिवस नव्हेत. पण मावसभावाची पिकअप आत्ताच मोकळी असते. मृगबहाराची संत्री संपली की काटोलहून कळमन्याच्या बाजारात जाणाऱ्या खेपा थांबतात. मी त्याला फोनवर सांगितलं होतं, "दोन खेपांचं काम आहे."

सकाळी सात वाजता उमरेड रोडवरच्या मटेरियलवाल्याने विचारलं, किती पाहिजे? मी म्हटलं, पिकअपभर.

"भाऊ, पिकअपभर हे माप नसते. ब्रासमध्ये सांगा."

ब्रास म्हणजे १०० घनफूट. आंगण बारा बाय पंधरा, त्यात अर्धा फूट मुरूम, म्हणजे ९० घनफूट. धुम्मस, म्हणजे ठोकायचा जड ठोकळा, मारल्यावर तो दबणार, म्हणून एक ब्रास धरला. गाडीचा हौदा आठ फूट लांब, साडेपाच रुंद, सव्वा फूट खोल. मोबाइलवर गुणाकार केला, ५५ आले. दोन खेपा! मी विजयी मुद्रेने मावसभावाकडे पाहिलं.

"दादा, जागा नको पाहू, वजन पाह्य. संत्रा भरला तं हौदा आधी भरते. मुरूम भरला तं स्प्रिंगचे पाटे आधी बसते."

अर्धा ब्रास मुरूम दोन टनांच्या वर जातो, आणि त्याच्या गाडीच्या आरसीवर भार जेमतेम दीड टन लिहिला आहे. म्हणजे तीस-बत्तीस घनफूट झाले की थांबायचं. हौदा तेव्हा अर्ध्याहून थोडासाच भरलेला दिसतो. मला ते बघवेना. "अजून थोडा टाक" म्हणत म्हणत मी तो चाळीसच्या पार नेला. तोही मोठ्या भावापुढे फार बोलला नाही.

दिघोरीच्या अलीकडे स्पीड ब्रेकरवर गाडीचं नाक वर गेलं आणि लगेच खाली आलंच नाही. स्टेअरिंग पाण्यात फिरवल्यासारखं फिरत होतं. लोड करणाऱ्याने सगळा ढीग मागच्या फाळक्याजवळ टाकला होता. वजन मागच्या चाकांच्याही मागे गेलं की पुढची चाकं रस्ता धरत नाहीत, हे मला आज कळलं. मावसभावाने गाडी कडेला घेतली आणि एक फावडं माझ्या हातात दिलं. काही बोलला नाही, हे जास्त लागलं. अर्धा तास आम्ही मागचा मुरूम ओढून केबिनच्या पाठीला लावत होतो. पत्रा एवढा तापला होता की गुडघा टेकवत नव्हता. एक स्कूटरवाला थांबून विचारून गेला, "विकून राहिले का?"

ट्रॅक्टर ट्रॉलीने एका फेरीत ब्रास आणून टाकला असता, हे मलाही माहीत आहे. पण तो पुढच्या रस्त्यावर. तिथून घरातून आंगणात दोनशे-सव्वादोनशे घमेली. मागची गल्ली आठ फुटांची, तीत ट्रॉली वळत नाही. पिकअप रिव्हर्सने जाते. जाते म्हणजे, शेजारच्या काकूंचा कूलर खिडकीबाहेर नसता तर सहज गेली असती. आरशाने पाण्याचा पाइप उपटला. मी काही बोलायच्या आत काकू आतून ओरडल्या, "आधी पाइप लाव, मग सॉरी म्हण!"

दुसरी खेप तीस घनफुटांची, मुकाट. गाडी सरळ चालली.

संध्याकाळी अर्धं आंगण भरून झालं. थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस, पुन्हा थर. पाणी पडल्यावर मुरमाचा जो वास येतो तो पहिल्या पावसाचा नाही, थोडा गंजासारखा आहे. मिस्त्रीने दोरी बांधून गल्लीच्या बाजूला दोन इंच उतार काढून दिला. कलथा मुरमाखाली गेला, आईला सांगितलेलं नाही.

जेवताना उरलेला हिशोब मांडला. मुरमाची एक खेप, ब्लॉकखाली पसरायच्या दगडी चुरीची एक. पेव्हिंग ब्लॉक ६० मिमीचे, चौरस फुटाला बारा-तेरा किलो, १८० चौरस फुटांचे साधारण सव्वादोन टन, म्हणजे त्याच्या दोन. आजच्या धरून सहा.

मावसभावाने ताटावरच बोटं मोजली. मग हात धुतला, खुंटीवरची पिकअपची किल्ली खिशात टाकली आणि गच्चीवर झोपायला गेला. पहाटे पाचचा गजर मी लावला आहे. त्याने लावलाय का, ते विचारायला वर जायची हिंमत होत नाही.