तिसरा उन्हाळा, पाचवं अंगण

बरेच महिने लॉग लिहिला नाही, कारण माझ्या कमी पाण्याच्या बागेत नवीन काही नव्हतं. पण शेजारी एवढं घडलंय की आजचं अपडेट सगळं गल्लीचंच आहे.

पहिली दोन वर्षं मी भेटेल त्याला कमी पाण्याच्या बागेबद्दल सांगायचो, लोक मान हलवायचे आणि विषय संपायचा. फरक पडला तो बोगनवेलीने. ऐन उन्हाळ्यात आठवड्यातून एकदाच पाणी आणि वेल रंगाने नुसती लगडलेली. तिला जरा पाण्याचा ताण बसला की बहर वाढतो हे आपल्याला माहितीय, पण कुंपणावर ते रोज डोळ्यांना दिसायला लागल्यावर समोरच्या काकूंनी स्वतःहून कटिंग मागितलं. काकांना मात्र 'झेरिस्केप' (कमी पाण्याच्या बागेचं इंग्रजी नाव) ऐकून 'झीरो' वाटलं होतं, म्हणजे सगळं उपटायचं आणि खडी टाकून दोन निवडुंग लावायचे. हा गैरसमज खूप जणांचा असतो. मूळ ग्रीक शब्द 'झेरॉस', म्हणजे कोरडं, त्यावरून १९८१ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या पाणीपुरवठा संस्थेने हे नाव काढलं, आणि त्यात हिरवळसुद्धा चालते, फक्त सारख्या तहानेची झाडं एकत्र लावायची. आता मी तो शब्दच वापरत नाही, "तहानेप्रमाणे गट करा" म्हणतो, लगेच कळतं.

आता अडेनियमचं, म्हणजे फुगीर बुंध्यात पाणी साठवणाऱ्या फुलझाडाचं. कोपऱ्यावरच्या घरी हौसेने एक दिलं, ताईंनी मायेने रोज पाणी घातलं, पानं पिवळी पडली म्हणून अजून घातलं. मी गेलो तेव्हा बुंध्याचा फुगीर भाग बोटाने दाबला तर पिकलेल्या फळासारखा आत गेला. उपटलं, कुजलेला भाग पांढरा स्वच्छ गर लागेपर्यंत कापत गेलो, आठवडाभर सावलीत सुकवलं आणि जाड वाळू मिसळलेल्या कोरड्या मातीत बसवलं. काल दोन नवी पानं दिसली, ताईंनी फोटो पाठवला तेव्हा खरंच बरं वाटलं. चूक माझी होती, झाड दिलं पण पाण्याची सवय दिली नाही. आता प्रत्येक कटिंगसोबत चिठ्ठी देतो: दोन पेरं बोट मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. आणि खाली हेही लिहितो की नवीन रोपाला मूळ धरेपर्यंत नियमित पाणी लागतंच, कारण "कमी पाण्याचं झाड" म्हटलं की काही जण पहिल्या दिवसापासून कोरडं ठेवतात आणि ते वाळतं.

पलीकडच्या घरी पुरलेल्या मडक्याचा प्रयोग केला, म्हणजे झाडाजवळ मातीत गाडलेल्या मडक्यात पाणी भरायचं आणि ते हळूहळू मुळांकडे पाझरतं. चार दिवस झाले तरी पाणी जिथल्या तिथे. उकरून बघितलं तर पोराने मडकं छान दिसावं म्हणून बाहेरून ऑइलपेंट मारलेला! मडक्याची बारीक छिद्रंच बंद, पाझरणार कुठून? न रंगवलेलं मडकं बसवलं, आता माती कोरडी झाली की ती स्वतःच पाणी ओढून घेते, तोंडावर झाकण असलं की झालं. पोरगा आता रोज पातळी मोजून भिंतीवर खडूने लिहितो.

पालापाचोळ्याचं आच्छादन पाचही अंगणांत सुरू झालंय, दोन-तीन इंच जाड. खोडाला चिकटवू नका एवढंच परत परत सांगावं लागतं.

सध्या सदाफुलीची रोपं माझ्याकडे फरशीच्या फटीतसुद्धा उगवलीत, गळलेल्या बियांतून आपोआप. चार-सहा पानं आली की संध्याकाळी मातीच्या गोळ्यासकट काढून मागच्या गल्लीतल्या आजींना द्यायचीत, त्यांनी कुंड्या आधीच भरून ठेवल्यात.