पूल पोडियमवर, बिल प्रत्येकाच्या दारात

रविवार, रात्र

शिवाजी पार्कला फेरी मारली की गोल कोपऱ्याच्या गॅलऱ्यांची तीनमजली घरं अजून भेटतात. मैदान महापालिकेनं 1925 साली माहीम पार्क म्हणून खुलं केलं, 1927 मध्ये आजचं नाव पडलं. भोवतालची वस्ती बरीचशी तिसाच्या-चाळिसाच्या दशकातली. आता एकेक घर पाडून टॉवर उठतोय आणि जाहिरातीत पूल, जिम, पार्टी हॉल.

पुनर्विकासात जुन्या घराचा सभासद विचारतो, ‘वाढीव कार्पेट एरिया किती?’ मेंटेनन्सचं विचारायचं राहून जातं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखं, क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे 500 फुटांतल्या आजीही पूलवाल्या माणसाच्या पगाराला तेवढाच हातभार लावणार, जेवढा वरच्या चार बेडरूमवाला. (पाणीपट्टी मात्र नळांच्या संख्येवर.) सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के, दुरुस्ती निधी 0.75 टक्के, हे वेगळे. सभासदामागची वर्गणी महिना 7,500च्या वर आणि संस्थेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या वर गेली की 18 टक्के जीएसटीही आला.

कॉर्पसचा, म्हणजे बिल्डर सभासदाला देतो त्या एकरकमी पैशांचा, हिशेब आधीच मांडावा. 10 लाखांवर 7 टक्के व्याज धरलं तर महिन्याला साधारण 5,800 रुपये, तेही करापूर्वी. बिल 14,000 आलं तर उरलेले पेन्शनमधून. शिवाय बिल दरवर्षी वाढतं, व्याज जागच्या जागी.

सगळ्यात खर्चिक पूलच. 12 बाय 5 मीटर, सरासरी 1.2 मीटर खोल म्हणजे 72 हजार लिटर पाणी. ते सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरवायचं तर पंप तासाला 12 हजार लिटरचा हवा. मुक्त क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), पीएच 7.2 ते 7.8. वीज वाचवायची म्हणून कमिटी पंप बंद ठेवते आणि चार दिवसांत पाणी हिरवं. मग क्लोरीनचा शॉक डोस, फिल्टरची उलटी धुलाई, नवं पाणी. वाचलेल्या विजेचे पैसे केव्हाच यात जातात.

त्याहून मोठी डोकेदुखी गळतीची, कारण पूल पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांच्या छतावर, आणि खाली बहुधा गाड्या असतात. पाणी झिरपतं ते बहुतेक वेळा पाइप आणि दिव्यांभोवतीच्या सांध्यांतून. टाइल्स बसण्याआधी तलाव भरून 72 तास ठेवायला लावा. ताब्याच्या वेळी बादलीची चाचणी: पंप बंद करून पूलच्या पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवायची, आतली आणि बाहेरची पातळी खडूनं आखायची. दिवसभरात पूलची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली तर गळती आहे, बाष्पीभवनाची सबब चालायची नाही. पावसात ही चाचणी करण्यात अर्थ नाही.

रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षं असे दोष बिल्डरनं, कळवल्यापासून 30 दिवसांत, फुकट दुरुस्त करायचे. तक्रार लेखी, तारखेसह. वॉचमनला सांगितलं म्हणजे कळवलं असं होत नाही.

रेलिंगचंही बघा. खाऱ्या वाऱ्यात 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवर तपकिरी ठिपके उठतात. समुद्र पलीकडच्या गल्लीत असताना 316 ग्रेडचं मागून घ्यावं, आणि करारनाम्यात आकड्यानिशी लिहून.