दाखला नव्हता, तरी लेक शाळेत बसली

सासूबाई गेल्या आणि सासरे गावी एकटे पडले. आमचं गाव भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला. जुलैत, ऐन भातलावणीत, पुण्यातली भाड्याची खोली सोडून आलो. सामान एका टेम्पोत आलं, अडकला तो तिसरीतल्या लेकीचा दाखला.

तिची आधीची शाळा खासगी. वर्षाची पूर्ण फी भरा, मग दाखला न्या, असं ऑफिसातून सांगितलं. एसटीने स्वारगेट गाठून दोनदा गेले, दोन्ही वेळा हात हलवत परत. पोर घरी बसून. गावी येऊन आपण तिचं नुकसान तर केलं नाही ना, या विचाराने मला झोप लागेना.

शेवटी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत गेले. चौथीपर्यंतची, दोन शिक्षकांची शाळा. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, दाखला येईल तेव्हा येईल. उद्या हिला पाठवा." शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, त्यातलं कलम ५ त्यांनीच समजावलं. दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी शाळेला प्रवेश अडवता येत नाही, आणि जुन्या शाळेने तो लगेच द्यायचा असतो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

त्याच कलमाचा उल्लेख करून जुन्या शाळेला अर्ज दिला. एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना, आणि माझ्या प्रतीवर तारखेसह सही-शिक्का घेतला. पोच घेतल्याशिवाय हलू नका, एवढं मात्र सगळ्यांना कळकळीने सांगते. लेकीचा ११ अंकी पेन क्रमांकही, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शिक्षण क्रमांक, मागून घेतला, कारण ऑनलाइन नोंद नव्या शाळेकडे वळवायला तो लागतो.

पहिल्या दिवशी ती भिजून आली. फ्रॉकवर खिचडीचा पिवळा डाग. दप्तर टाकायच्या आधीच म्हणाली, "आई, तिथे आपलं ताट आपणच धुवायचं. मी धुतलं." तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते, त्यामुळे चौथीचे पाढेही तिच्या कानावर पडतात.

दाखला तीन आठवड्यांनी मिळाला. बाईंनी तो फाइलला लावला तेव्हा लेक आत तेराचा पाढा म्हणत होती, आणि तिला न्यायला आलेले सासरे दाराशी छत्री मिटून ऐकत उभे होते.