सांगलीत बसून अण्णांनी चाकणचा प्रेस बघितला

अण्णा निवृत्त होऊन सांगलीला राहतात. आमच्या चाकणच्या कारखान्यातला जुना हायड्रॉलिक प्रेस त्यांच्याइतका कुणालाच कळत नाही. व्हिडिओ कॉलवर मी दाखवेन तेवढंच त्यांना दिसायचं. म्हणून ३६० अंशांचा कॅमेरा मी अंगावर लावायचा आणि त्यांनी घरी व्हीआर हेडसेट घालायचा, असं ठरवलं. पाय माझे, नजर त्यांची.

असा कॅमेरा सगळ्यांनाच टिपतो. साहेबांची परवानगी मिळाल्यावरही मी शिफ्टमधल्या प्रत्येकाला स्वतः जाऊन सांगितलं की रेकॉर्डिंग होणार नाही, आणि ज्याला नको असेल त्याने तेवढा वेळ पलीकडे काम करावं. हे कुणीही टाळू नये.

कॅमेरा हेल्मेटवर लावला. पण माझी मान वळली की अण्णांच्या डोळ्यांपुढे सगळंच फिरायचं, त्यांना मळमळायला लागलं. जपानच्या शुनिची कासाहारा आणि जुन रेकिमोतो या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘जॅकइन हेड’ या अशाच डोक्यावरच्या कॅमेऱ्याच्या प्रणालीवर काम करताना याच त्रासावर उपाय शोधला होता: घालणाऱ्याच्या डोक्याचं फिरणं चित्रातून वजा करायचं. आमच्या कॅमेऱ्यात दिशा स्थिर ठेवायची सोय होती. ती चालू केली आणि अण्णा निवांत झाले.

चित्र मात्र उशिरा पोचायचं, फोनवरचा आवाज लगेच. अण्णा “इथंच थांब” म्हणेपर्यंत मी पुढे गेलेला असायचो. म्हणून जागेचं नाव घेऊनच बोलायचं ठरलं, आणि त्यांच्या शब्दावर चालू मशीनमध्ये हात घालायचा नाही, हेही.

शिवाय ४के चित्राचे आडवे जवळपास चार हजार पिक्सेल पूर्ण गोलावर पसरतात. समोरच्या ९० अंशांच्या वाट्याला जेमतेम हजारभर पिक्सेल येतात. गेजवरचे आकडे त्यात वाचता येत नाहीत. जवळचं दाखवायला फोन हातात ठेवलाच.

त्या दिवशी पंप घरघरत होता, प्रेशर टिकत नव्हतं. मी व्हॉल्व्हपाशी वाकलो होतो, आणि अण्णा माझ्या पाठीमागे बघत होते!

“अरे, टाकीच्या काचेजवळ फोन ने बघू.”

काचेत तेलाला फेस आला होता. म्हणजे पंप जिथून तेल ओढतो त्या सक्शनच्या बाजूने हवाही ओढली जात होती.

“सक्शनच्या एकेका जॉइंटवर बाहेरून थोडं तेल सोड आणि आवाज ऐक.”

फिल्टरजवळच्या जॉइंटवर तेल पडलं आणि घरघर बसली. पंप बंद करून, कुणी चुकून चालू करू नये म्हणून लॉकआउटचं कुलूप लावून तिथली ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, बदलली. प्रेस रात्रपाळीला चालू झाला.